तीन बाय चारचा उजेड

मी एक चौकट बोलते आहे. 'खिडकी' हा शब्द मी मुद्दाम टाळला. चार लाकडे काटकोनात जोडली की चौकट होते. खिडकी होण्यास भिंतीत पोकळी लागते, पोकळीपलीकडे आकाश लागते आणि नगरपालिका असलेल्या गावात या दोहोंना जोडणारा एक शिक्काही लागतो. पहिल्या दोन गोष्टी मला जन्मतःच ठाऊक होत्या. तिसरीची वाट पाहण्यात माझी नऊ वर्षे गेली.

बपेऱ्याच्या पलीकडे, जिथे आपल्या जिल्ह्याची सीमा रानातच विरघळते, तिथल्या एका बिजाच्या झाडाच्या पोटात मी होते. बिजाच्या लाकडाचा एक गुण जाणत्यांना ठाऊक असतो. ते पाण्यात भिजत ठेवले, तर ते पाणी उन्हात धरल्यावर निळसर झाक मारते. झाडाने वर पाहून जन्मभर जे प्यायले, ते जणू लाकडाने साठवून ठेवलेले असते. हा गुण पुढे माझ्या कामी आला.

तुमसरच्या आरागिरणीत माझ्या फळ्या झाल्या आणि तेथून करडी गावच्या जागेश्वर सुताराने मला बैलगाडीतून वैनगंगेकाठच्या एका विणकरी गावात आणले. हे साल एकोणीसशे चौऱ्याहत्तर. मला बोलावले होते टेकचंद नावाच्या विणकराने.

टेकचंदच्या घराच्या मागच्या खोलीत त्याचा माग होता. जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून बसलेला विणकर आणि समोर ताणलेले सूत. हा खड्डा टेकचंदच्या आज्याने खणला होता, आणि खड्डा काही उचलून पुढच्या खोलीत नेता येत नाही. त्या खोलीला मात्र एकही खिडकी नव्हती. तरुणपणी टेकचंदला ती लागलीही नाही. दाराकडून येणाऱ्या अंधूक उजेडात तो करवती काठाचे टसरी लुगडे विणीत असे. करवतीच्या दात्यांसारखे टोकदार दाते काठावर एकापुढे एक उभे राहत आणि त्यांतला एकही दुसऱ्यापेक्षा तसूभर मोठा नसे. पण चाळिशी उलटली आणि डोळे मंदावले. विजेचा दिवा लावून पाहिला, तर त्या पिवळ्या उजेडात तांबडे आणि किरमिजी सूत एकच दिसू लागले. टेकचंदने करवती उतरवली आणि मागावर पंचे चढवले. पंचा काय, डोळे मिटूनही विणता येतो.

त्याची मुलगी कौशल्या तेव्हा अकरा वर्षांची होती. ती पाळण्यात असतानाच त्याने बोलून ठेवले होते, "माया पोरीच्या लग्नात माया हातचीच करवती." ते शब्द पुरे करायचे, तर पूर्वेच्या भिंतीत खिडकी हवी होती. सकाळचे ऊन सरळ मागाच्या फणीवर पडायला हवे होते. माझ्या जन्माचे कारण एवढेच.

"किती बाय कितीची करू?" जागेश्वरने विचारले.

"रुंदी तीन फूट तीन इंच. उंची चार फूट चार इंच."

"हे कोन्तं माप हो, टेकचंदजी? खिडकी तीन बाय चारची रायते. हे तीन इंच, चार इंच कायले?"

"तू लाकूड काप न बापा. इणकराचं माप सुताभरानं चुकत नाई."

जागेश्वरने खांदे उडवले आणि मापाबरहुकूम मला घडवले. त्या भागात रीत अशी की चौकट आधी आणि भिंतीचे काम मागून. त्यात अक्षय तृतीयेचा मुहूर्त होता. टेकचंदच्या बायकोने, आनंदाबाईने, माझ्या कपाळपट्टीला हळदीची बोटे लावली आणि पिवळ्या फडक्यात तांदूळ बांधून मला पुजले. पुजलेली चौकट विकीत नाहीत, कापीत नाहीत. मला मागाच्या खोलीत पूर्वेच्या भिंतीला टेकवून ठेवण्यात आले.

"चार दिसाची गोष्ट," टेकचंद माझ्यावरून हात फिरवीत म्हणाला. "मंजुरी आली का बसवून देऊ."

आता मंजुरीविषयी सांगते. पूर्वेची ही मागची भिंत नगरपालिकेच्या गल्लीवर होती. त्यामुळे तिच्यात नवे दार वा खिडकी पाडायची, तर अर्ज आणि घराच्या नकाशाच्या तीन प्रती द्याव्या लागत. नकाशा काढायला बाबूलाल आले. ते जवाहरनगरच्या कारखान्यात आरेखक होते आणि रविवारी सायकलवरून येऊन गावातल्या लोकांचे नकाशे काढून देत. पिशवीतून त्यांनी फीत काढली, तसा टेकचंद दुखावला.

"बाबूलालजी, टेप ठेवा पिशवीत. इणकराच्या घरी येऊन माप घेता? मी मोजून सांगतो न."

बाबूलाल हसले. त्या घरचा चहा आधीच पिऊन झाला होता. यजमानाचा मान मोडणे त्यांना बरे वाटले नाही. टेकचंद आत-बाहेर करून मोजून आला आणि आकडे सांगू लागला. लांबी एकोणचाळीस फूट. बाबूलालांनी लिहून घेतले. खिडकीचे माप मात्र त्यांनी विचारलेच नाही. सवयीने तीन बाय चार लिहून टाकले.

महिन्याभराने उत्तर आले. कौशल्या शाळेतून आली होती. तिच्याच हाती टेकचंदने ते पत्र दिले. ती दारात उभी राहून वाचू लागली.

"'सादर नकाशानुसार अर्जदाराच्या घराची मागील भिंत सार्वजनिक गल्लीत तीन फूट आली असल्याचे दिसून येते. सबब नवीन खिडकीस परवानगी देता येत नाही. सदर अतिक्रमण का काढण्यात येऊ नये, याचा लेखी खुलासा करावा.' बापू, अतिक्रमण म्हंजे काय?"

टेकचंदने पत्र तिच्या हातून घेऊन त्याची घडी घातली. मग म्हणाला, "दुसऱ्याच्या जागेत पाय ठेवनं, बाई."

त्या भिंतीला तेव्हा मी टेकलेली होते. तिच्यातून काही गेल्यासारखे मला वाटले. माती थरथरत नाही हे मला ठाऊक आहे, तरीही वाटले.

टेकचंदने खुलासा लिहिला नाही. तो नगरपालिकेच्या पायरीवरही चढला नाही. त्याच्या मनाने एक गोष्ट पक्की धरली होती. शिक्का मारलेला कागद खोटे बोलत नाही आणि विणकराचे मापही खोटे बोलत नाही. दोन्ही खरी, म्हणजे तिसरेच कोणीतरी खोटे असणार. भिंत आज्याने उभारली होती. म्हणजे आज्यानेच गल्लीचे तीन फूट चोरले.

"बुढ्यानं असं काऊन केलं असन?" एकदा त्याने आनंदाबाईला विचारले.

"कोन्या बुढ्यानं? काय?"

"काई नाई."

त्यापलीकडे तो कधी बोलला नाही. पितृपक्षात आज्याच्या नावाने पान वाढताना त्याची नजर पानावरच असे, वर जात नसे. गल्लीतून कोणी पायताण वाजवीत गेला, तरी त्याच्या हातातला धोटा थांबे. भिंत पाडायला आले की काय, असे त्याला वाटे. खिडकीचा विषय आनंदाबाईने काढलाच, तर तो म्हणे, "झाकलेलं राहू दे. उघडलं का भिंतच जाईन, अन् मंग मागही."

अशी मी नऊ वर्षे भिंतीचा एक चौकोन धरून उभी राहिले.

ही वर्षे दुःखात गेली, असे म्हटले तर ते खरे होणार नाही. चौकटीत जे येईल ते पाहायचे, हा माझा धर्म. आणि माझ्या चौकटीत शेणामातीने सारवलेली भिंत होती. मी तिलाच पाहिले. सारवणात बोटांचे अर्धगोल उमटलेले असत. ते मला कधी धानाच्या बांध्यांसारखे दिसत, कधी तळ्यातल्या लाटांसारखे. दर सणाला आनंदाबाई भिंत पुन्हा सारवी आणि माझ्यापुढचा देखावा पालटे. जगात ज्या खिडक्यांना खरे आकाश मिळाले आहे, त्यांच्यापुढचा देखावा इतक्या मायेने कोणी हाताने रेखला असेल, असे मला वाटत नाही. धोट्याची खटखट चाले. त्या तालावर मी बपेऱ्याच्या रानात जाऊन येई. भिंतीपलीकडे काय असेल, याची मी चित्रे करी. कधी नदी, कधी मोहाच्या झाडांची रांग, कधी नुसतेच पांढरे, ज्यात अजून काही विणायचे राहिले आहे.

एका श्रावणात कौले सरकली आणि माझ्या वरच्या पट्टीवर पाणी ठिबकू लागले. आनंदाबाईने खाली कोपर, म्हणजे काठाची मोठी परात, ठेवला. दुपारी उघडीप झाली, तेव्हा भरलेला कोपर रिकामा करायला ती अंगणात गेली आणि तशीच थबकली.

"अवो! इकडे या. पाण्यात पाहा काय दिसून राह्यलं!"

टेकचंद उठून गेला. कोपरातल्या पाण्यावर निळसर झाक होती.

"बिजाचं लाकूड आहे," तो म्हणाला. "निळं सुटते त्याचं."

"लाकडाचं नाई. ही खिडकी आहे," आनंदाबाई म्हणाली. "तुमी भिंत फोडली नाई, म्हून तिनं घरातच आभाळ करून दाखवलं."

टेकचंद हसला नाही. पण ते पाणी तिने ओतले नाही, आणि त्यानेही ओत म्हटले नाही. संध्याकाळपर्यंत तो कोपर अंगणात तसाच राहिला.

त्र्याऐंशी साली कौशल्येचे लग्न ठरले. मुहूर्त पुढच्या वैशाखातला. मुलाकडच्यांनी काही मागितले नाही, फक्त होणाऱ्या सासूबाई जाता जाता कौतुकाने म्हणाल्या, "करवतीवाल्याची पोरगी करून राह्यलो जी आमी." त्या गेल्यावर टेकचंद मागावर जाऊन बसला आणि चढवलेल्या अर्ध्या पंच्याकडे पाहत राहिला. कौशल्या मागे येऊन उभी राहिली.

"बापू, मी बाजारातली नेसतो. नागपूरची. त्यातबी काठ चांगला रायते."

"हो, बाई," टेकचंद म्हणाला.

त्या दोन शब्दांत जे होते, ते मी नऊ वर्षांत भिंतीत पाहिले नव्हते.

त्याच कार्तिकात नगरपालिकेत यादोराव नावाचे नवे ओव्हरसियर आले. जुन्या फायली काढता काढता त्यांच्या हाती टेकचंदचा नकाशा लागला. एके सकाळी ते फीत आणि वही घेऊन आले. टेकचंद मागातून उठला.

"अतिक्रमणाचं जुनं प्रकरन आहे तुमचं," यादोराव म्हणाले. "माप घेऊन टाकतो."

"घ्या जी," टेकचंद म्हणाला. त्याचा आवाज इतका हलका झाला होता की तो मलाच ऐकू आला असावा. "फक्त खड्डा नका बुजवू. मी माग आजच काढून घेतो."

यादोरावांनी फितीचे टोक पुढच्या उंबऱ्यावर कौशल्येला धरायला लावले आणि मागच्या भिंतीपर्यंत चालत आले. फितीकडे पाहिले. बाहेर जाऊन गल्ली मोजली. परत आले आणि घर पुन्हा मोजले.

"टेकचंदजी, गल्ली नऊ फूट. दफ्तरातबी नऊच. तुमचं घर छत्तीस फूट. नकाशात एकोणचाळीस कोनं लिहिले?"

"मीच सांगतले जी. मोजून सांगतले."

"मोजल्यावर किती भरले होते?"

"छत्तीस."

"मंग सांगतले किती?"

"एकोणचाळीस." टेकचंद गोंधळला. "छत्तीस मोजले, म्हून एकोणचाळीस सांगतले."

यादोरावांनी वही मिटली. त्यांना हा हिशेब कळेना, आणि टेकचंदला त्यात न कळण्यासारखे काय आहे ते कळेना. तेवढ्यात चुलीपाशी बसलेली आनंदाबाई पदर सावरीत दारात आली.

"अवो," ती नवऱ्याला म्हणाली, "तुमी घराले वाढावा देल्ला का?"

वाढावा म्हणजे काय, ते इथे सांगायला हवे. सूत मागावर चढले की विणताना थोडे आखडते. कापड पहिल्या धुण्यात आणखी आटते. म्हणून बारा हात कापड हवे असेल, तर तेरा हात ताणा लावायचा. बाराला एक, हा टेकचंदच्या घराण्याचा नेम होता. तीन पिढ्यांत त्या घरातल्या कोणी मोजलेला आकडा उघडाबोडका तोंडातून काढला नव्हता. हाताने मोजायचे बारा आणि जिभेने बोलायचे तेरा. हे इतके अंगवळणी पडले होते की आपण काही वाढवून सांगतो, हे टेकचंदला ठाऊकच नव्हते. छत्तीस फुटांच्या घराला त्याने तीन फुटांचा वाढावा दिला होता.

"देल्ला असन," टेकचंद पुटपुटला. "माप सांगतानी देतेच न मानूस."

"अन् घर काय धुतल्यावर आटते का?"

आधी हसली ती कौशल्या. मग यादोराव हसले, इतके की त्यांना फितीचे टोक सुटलेले कळले नाही. टेकचंद हसला नाही. तो भिंतीकडे वळला आणि दोन्ही तळवे तिच्यावर ठेवून उभा राहिला.

"बुढ्यानं चोरी केली नाई," तो म्हणाला.

"कोन्या बुढ्यानं, जी?" यादोरावांनी विचारले.

"माया आज्यानं. नऊ वर्सं मी त्याले चोर समजून राह्यलो होतो."

आनंदाबाईचे हसणे तिथेच थांबले. पदराचे टोक तोंडाशी नेऊन ती आत गेली.

नवा अर्ज यादोरावांनी स्वतः सांगितला आणि कौशल्येने लिहिला. बाबूलाल पुन्हा सायकलवरून आले. या वेळी त्यांनी चहा मोजमाप झाल्यावर घेतला. मार्गशीर्षात मंजुरीचा कागद आला: 'पूर्वेकडील भिंतीत तीन बाय चार फुटांची एक खिडकी पाडण्यास परवानगी देण्यात येत आहे.'

जागेश्वर आला. आता तोही पिकला होता. भिंत फोडण्याआधी यादोराव पाहणीला आले आणि त्यांनी माझ्या अंगाला फीत लावली.

"ही तर तीन फूट तीन इंच आहे. उंचीबी चार इंच जास्त. कागदावर तीन बाय चार आहे, टेकचंदजी."

"पाह्यलं?" जागेश्वर म्हणाला. "मी तवाच बोललो होतो. हिलेबी वाढावा देल्ला यानं!" त्याने पिशवीतून करवत काढली. "आना, कापून देतो."

"पुजलेली आहे ती," आनंदाबाई म्हणाली.

"मंग कागद बदलवा."

टेकचंद हात जोडून उभा राहिला. "कापून टाका जी. पुन्हा कागद नको."

करवतीचे दाते माझ्या डाव्या अंगाला टेकले. थंड होते. नऊ वर्षे मी करवती काठाची स्वप्ने पाहिली होती. करवत अशी येईल, हे स्वप्नात कधी आले नव्हते. मला भीती वाटली का? वाटली. पण कापले गेल्यावर जो तुकडा खाली पडेल, तो आनंदाबाई कोपरात भिजत घालील, एवढेही मनात येऊन गेले.

"थांबा," यादोराव म्हणाले. ते खाली बसले आणि त्यांनी फीत माझ्या बाहेरून काढून आतल्या अंगाने लावली. एका लाकडापासून दुसऱ्या लाकडापर्यंत. आधी आडवी, मग उभी. ओठांतल्या ओठांत आकडा म्हटला आणि पुन्हा एकदा लावली.

"तीन. चार." ते जागेश्वरकडे पाहून म्हणाले. "बाजूचं लाकूड दीड-दीड इंच, वर-खाली दोन-दोन. जास्तीचं होतं ते तुमच्या लाकडानंच खाल्लं. परवानगी मोकळ्या जागेले आहे, लाकडाले नाई. लाकूड तर भिंतीत जाते."

जागेश्वरने करवत खाली ठेवली आणि डोक्यावरची टोपी काढून डोके खाजवले. "म्हंजे माप बराबर होतं म्हना!"

टेकचंदच्या चेहऱ्यावर तेव्हा जे उजळले, त्याला अजून खिडकीची गरज नव्हती. "मागही असंच खाते," तो हळूच म्हणाला.

त्या दुपारी भिंत फुटली. नऊ वर्षे कल्पिलेले काहीही पलीकडे नव्हते. नदी नव्हती, मोहाची रांग नव्हती. नऊ फुटांची गल्ली होती, समोरच्या कुडाला बांबूवर वाळत घातलेले हळदीच्या रंगाचे सूत होते आणि त्याखाली एक शेळी रवंथ करीत उभी होती. वर, कौलांच्या रेघेवर, आकाशाची एक पट्टी होती. मला वाटले, हे मी आधी पाहिले आहे. तो रंग कोपरातल्या पाण्याचा होता.

दुसऱ्या सकाळी ऊन फणीवर उतरले आणि टेकचंदने टसर चढवले. करवती काठाला तीन धोटे लागतात. तिसरा या वेळी आनंदाबाईने हाती घेतला. डोळे त्याचे पुरे चालत नव्हते, हात तिचे पुरे सरावलेले नव्हते. तो बोटांनी सूत चाचपी, ती रंग सांगे. "किरमिजी. आता तांबडं. अवो, तांबडं म्हनलं न!" "आयकलं. ओरडू नको, काठ दचकते." दुपारी ऊन सरले की दोघे उठत. एकही दाता दिव्याखाली विणला गेला नाही. लुगडे माघात मागावरून उतरले आणि वैशाखात कौशल्या ते नेसून माझ्यासमोरून, गल्लीतून, गेली. तिने मान वळवून पाहिले. आत टेकचंद उभा होता. तो तिला माझ्या चौकटीत दिसला आणि ती त्याला. खिडकी या शब्दाचा याहून नेमका अर्थ मला अजून सापडलेला नाही.

आता सत्त्याऐंशी साल चालू आहे. त्या लुगड्यानंतर टेकचंदने पुन्हा करवती चढवली नाही. त्याच्या डोळ्यांना आता माणसे सावल्यांसारखी दिसतात. माग आनंदाबाई चालवते. पंचेच विणते, पण उजेडात विणते. माझ्या अंगावर ऊनपावसाचा करडा रंग चढला आहे. कपाळावरची हळद केव्हाच उडाली.

वाचणाऱ्या, तुझ्या दारी कधी शिक्क्याचा कागद आला, तर त्याला भिऊन भिंतीला पाठ लावू नकोस. आधी दोरी घे, फीत घे आणि स्वतःचे घर एकदा मोज. सूत आखडते, कापड आटते, पण भीतीला आपण वाढावा दिला की ती कधीच आटत नाही. माझे मागणे एवढेच आहे.

रोज सकाळी माझ्यातून उतरलेला उजेड जमिनीवर चौकोनी पडतो. टेकचंद त्याच्या कडेला येऊन बसतो. त्याची ऊब कुठे संपते ते तळव्याने चाचपतो आणि वीत टाकीत टाकीत मोजतो.

"किती भरला?" आनंदाबाई मागावरूनच विचारते.

"तीन फूट तीन इंच."

"झालं! आता उजेडालेबी वाढावा."

तो हसतो आणि पुन्हा मोजू लागतो. मी त्याला दुरुस्त करीत नाही.